उंदराला सोरायसिस होत नाही. मग त्याचा अभ्यास उंदरावर कसा होतो?

‘नव्या रेणूमुळे उंदरांमधला सोरायसिस बरा’ अशी बातमी वाचली की या आजाराने गांजलेल्या माणसाच्या मनात आशा जागी होते. हे औषध कधी मिळणार, असे तो डॉक्टरांना विचारतो आणि ‘अजून वेळ आहे’ एवढेच उत्तर घेऊन परततो. हा वेळ कशासाठी लागतो ते समजायचे, तर बातमीत न सांगितलेली एक गोष्ट आधी माहीत हवी. उंदराला सोरायसिस होतच नाही. माणूस सोडला तर हा आजार आपणहून होणारा प्राणी जवळपास सापडत नाही. काही माकडांमध्ये त्याच्यासारखे चट्टे क्वचित दिसले आहेत, तेवढेच. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पाठीवर जे दिसते ते मुद्दाम घडवलेले असते. ते कोणत्या पद्धतीने घडवले, यावर त्या बातमीचे मोल ठरते.

आधी आजाराविषयी

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात नव्या पेशी तळाशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाळतात आणि गळून पडतात. निरोगी त्वचेत या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशींना नीट पक्व व्हायला वेळच मिळत नाही. त्या अर्धवट अवस्थेत वर येऊन साचतात आणि चंदेरी पापुद्र्यांचे जाड, लाल चट्टे तयार होतात.

ही घाई त्वचेच्या पेशी स्वतःहून करत नाहीत. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सतत तसे आदेश देत असते. हे आदेश म्हणजे काही विशिष्ट प्रथिने. या लेखात त्यांपैकी मुख्यतः तिघांची नावे येतील: टीएनएफ, आयएल-२३ आणि आयएल-१७. ढोबळमानाने सांगायचे तर आयएल-२३ हे प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशींना चिथावते, त्या पेशी आयएल-१७ सोडतात आणि आयएल-१७ त्वचेला वेगाने वाढायला लावते. टीएनएफ या सगळ्या आगीला हवा देते.

प्रतिकारयंत्रणेचा हा हात आधी प्राण्यांमध्ये नव्हे, माणसांमध्येच उघड झाला, हे आवर्जून सांगायला हवे. अवयव प्रत्यारोपणात शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध सांध्यांच्या आजाराच्या काही रुग्णांना देऊन पाहिले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी ज्यांना सोरायसिस होता त्यांची त्वचा निवळली. ही नोंद १९७९ सालची. तोवर सोरायसिस हा फक्त त्वचेच्या पेशींचा दोष असल्याचे बहुतेकांना वाटत होते.

सोरायसिस असलेल्यांपैकी काहींना, वेगवेगळ्या अंदाजांनुसार जास्तीत जास्त तीस टक्क्यांपर्यंत लोकांना, पुढे सांध्यांचाही आजार होतो. त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांमध्ये त्वचा आधी बिघडते आणि सांधे काही वर्षांनी. या संधिवाताची एक खूण अशी, की तो पुष्कळदा सांध्याच्या पोकळीत नव्हे, तर स्नायूंची कंडरा जिथे हाडाला चिकटते त्या जागी सुरू होतो. टाच दुखते, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजते. दुसरी खूण विचित्र आहे: एका बाजूने हाड झिजते आणि शेजारीच नको तिथे नवे हाड वाढते. प्रयोगातल्या प्राण्याकडून नेमके हेच सगळे दाखवण्याची अपेक्षा असते.

मॉडेल म्हणजे आजार नव्हे, आजाराचा एक नकाशा

एकाच शहराचे नळयोजनेचे, विजेच्या तारांचे आणि बसमार्गांचे असे वेगवेगळे नकाशे असतात. प्रत्येक नकाशा खरा असतो आणि प्रत्येकात बाकीचे शहर गाळलेले असते. बसमार्गाच्या नकाशावरून फुटलेला नळ शोधता येत नाही. प्राण्यामध्ये घडवलेल्या आजाराला संशोधक ‘मॉडेल’ म्हणतात ते याच अर्थाने. एखादे मॉडेल आयएल-१७ ची साखळी छान दाखवते, पण जुनाटपणा दाखवत नाही. दुसरे सांधे दाखवते, पण त्याची त्वचा निराळी असते. त्यामुळे ‘हे मॉडेल चांगले की वाईट’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या प्रश्नासाठी चांगले, असेच विचारावे लागते.

उंदराची कातडी आणि आपली त्वचा

फरक बारीक नाहीत. उंदराच्या त्वचेचा वरचा थर जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीचा असतो. माणसाचा सहा ते दहा पेशींचा. आपल्या त्वचेत वरचा थर खालच्या थरात बोटांसारखा खाली रुतलेला असतो आणि सोरायसिसमध्ये ही बोटे लांबच लांब होतात. उंदराच्या केसाळ कातडीत ती मुळातच नसतात. त्याच्या अंगभर दाट केस असतात. त्याच्या वरच्या थरात एका खास प्रकारच्या टी पेशी पहारा देत असतात, त्या माणसात नाहीतच.

रक्तही वेगळे. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी पन्नास ते सत्तर टक्के न्यूट्रोफिल असतात, उंदरात दहा ते पंचवीस टक्के. सोरायसिसच्या चट्ट्यात या न्यूट्रोफिलचेच सूक्ष्म पुंजके सापडतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा. त्यांना आपल्या त्वचेत बोलावून आणणारे मुख्य प्रथिन आयएल-८. त्याचे जनुक उंदराकडे नाही. ते काम त्याच्यात दुसरी प्रथिने करतात.

एवढे फरक असूनही उंदीर उपयोगी पडतो, कारण आयएल-२३ कडून आयएल-१७ कडे जाणारी साखळी दोघांतही जवळपास सारखी चालते. शिवाय उंदराचे एखादे जनुक काढून टाकता येते आणि मग काय बिघडते ते पाहता येते. माणसाच्या बाबतीत असा प्रयोग करणे शक्यच नाही.

सहा दिवसांत उमटणारा ‘सोरायसिस’

बातम्यांमध्ये येणारे बहुतेक प्रयोग एका मलमावर उभे असतात. इमिक्विमोड हे जननेंद्रियावरचे चामखीळ आणि काही त्वचा-कर्करोग यांवरचे औषध. ते विषाणूंची चाहूल घेणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाला जागे करते. काही रुग्णांमध्ये हे मलम लावल्यावर सोरायसिस उफाळून आल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. त्यावरून २००९ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी हेच मलम उंदरांना लावून पाहिले. परिणाम इतका झटपट मिळाला की ही पद्धत जगभर रूढ झाली.

पद्धत अशी. साधारण आठ आठवड्यांचे उंदीर घेतात. पाठीचे केस यंत्राने काढून मग केस काढणारे क्रीम लावतात आणि एक-दोन दिवस थांबतात. मग रोज एकदा ५ टक्के इमिक्विमोडचे ६२.५ मिलिग्रॅम मलम, म्हणजे सुमारे ३.१२५ मिलिग्रॅम औषध, पाठीवर पसरवतात. असे सलग पाच-सहा दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली दिसू लागते, मग पापुद्रे, मग जाडी. तिन्हींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात आणि बेरीज करतात, म्हणजे कमाल बारा. शेवटी त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या थराची जाडी मोजतात आणि आयएल-१७, आयएल-२३ किती वाढले ते तपासतात. ज्या उंदरांमध्ये आयएल-२३ किंवा आयएल-१७ ची साखळी जनुकीय बदलाने तोडलेली असते त्यांच्यात हे चट्टे फारच सौम्य राहतात. म्हणूनच या मॉडेलला मान मिळाला.

कागदावर हे सोपे वाटते, पण त्यात चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

पहिली जागा केसांची. उंदराच्या पाठीवरचे केस लाटेसारखे एकत्र वाढतात आणि एकत्र विश्रांती घेतात. वाढीच्या काळात कातडी आपोआप जाड होते. काळ्या उंदरांमध्ये हे डोळ्यांनी दिसते: केस काढल्यावर कातडी गुलाबी असेल तर केस विश्रांतीत आहेत, करडे-काळे ठिपके असतील तर वाढ सुरू आहे. साधारण सात ते नऊ आठवड्यांचे उंदीर निवडतात ते या विश्रांतीच्या काळासाठीच. हे न पाहता दोन गट केले, तर औषधाने जाडी कमी झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात फरक असतो केसांचा.

दुसरी जागा केस काढताना होणाऱ्या ओरखड्यांची. जखमेमुळेही त्वचा जाड होते, लाल होते. घाईने काढलेले केस आणि त्याच दिवशी लावलेले मलम म्हणजे पहिल्या दिवसापासूनच गढूळ झालेला प्रयोग. नर उंदीर एकत्र ठेवले की मारामाऱ्या करून एकमेकांच्या पाठीवर जखमा करतात, म्हणून बरेच जण माद्या वापरतात.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते: तुलनेच्या गटाला काय लावले? बरेच प्रयोग व्हॅसलिन लावलेल्या उंदरांशी तुलना करतात. पण बाजारात मिळणाऱ्या मूळ मलमात औषधाखेरीज आयसोस्टिअरिक ॲसिड हा घटक भरपूर असतो आणि तो एकटाही त्वचेत दाह निर्माण करतो, टीएलआर-७ नसले तरी. हे २०१३ साली दाखवले गेले. म्हणजे चट्ट्याचे सगळे श्रेय इमिक्विमोडला देता येत नाही. योग्य तुलना म्हणजे तेच मलम, औषध वगळून. दुसऱ्या कंपनीचे मलम वापरले की मलमाचा पाया बदलतो आणि परिणामही बदलू शकतो. उंदराची जात बदलली तरी तसेच.

चौथी जागा तेलकट औषधांची. एखाद्या वनस्पतीचा अर्क तेलात किंवा मलमात मिसळून त्याच जागी इमिक्विमोडच्या आधी अगर लगेच नंतर लावला, तर तेल त्या मलमाला पातळ करते, पुसून टाकते किंवा आत शिरू देत नाही. चट्टा सौम्य दिसतो. अर्काने आजार बरा झाला असे नसते; आजार घडवणारे मलमच पोचलेले नसते. दोन्ही लेपांमध्ये काही तास ठेवणे आणि एका गटाला अर्काविना नुसते तेल लावणे, एवढ्याने हा गोंधळ मिटतो. पारंपरिक औषधांच्या बातम्या वाचताना प्रयोगात हा गट होता का, ते नक्की पाहावे. खऱ्या गुणाच्या वनस्पतीवरही अशा ढिल्या प्रयोगांनी अन्यायच होतो.

शिवाय उंदीर अंग चाटतो. मलम पोटात जाते, त्वचेतूनही रक्तात उतरते. प्लीहा सुजते, पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन घटते, शरीरातले पाणी कमी होते. चट्टा कमी दिसण्याचे कारण औषध आहे की आजारी, उपाशी प्राणी, हा प्रश्न मग उभा राहतो. रोज वजन घेणे, गरज पडल्यास सलाइन देणे आणि वजन मूळच्या सुमारे एक-पंचमांशाने घटले की प्रयोग थांबवणे, हे प्राण्याच्या दृष्टीनेही हवे आणि निष्कर्षाच्या दृष्टीनेही. आणि गुण देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावे. लालीला दोन द्यायचे की तीन, हा शेवटी डोळ्यांचा निर्णय असतो.

वीस वर्षांचा आजार सहा दिवसांत कसा कळणार?

हा आक्षेप रास्त आहे. इमिक्विमोड थांबवले की उंदीर आपोआप बरा होतो. माणसाचा सोरायसिस तसा जात नाही. औषध थांबवल्यावर चट्टा पुष्कळदा नेमका जुन्याच जागी परत येतो, कारण तिथे जुनी आठवण ठेवणाऱ्या टी पेशी मुक्काम ठोकून असतात. शिवाय या मॉडेलमध्ये आयएल-१७ चा मोठा भाग गॅमा-डेल्टा या प्रकारच्या टी पेशी सोडतात. माणसात मुख्य भार वेगळ्या टी पेशींवर असतो. म्हणजे संदेश तोच, पण पाठवणारा दुसरा. दाहाची ठिणगी कशी पडते हे पाहायला हे मॉडेल ठीक आहे. आजार वर्षानुवर्षे का टिकतो, याबद्दल ते फारसे काही सांगू शकत नाही.

टिकण्याच्या प्रश्नासाठी निराळी वाट आहे: रुग्णाचीच त्वचा उंदराच्या पाठीवर रुजवणे. परकी त्वचा नाकारली जाऊ नये म्हणून स्वतःची प्रतिकारयंत्रणा नसलेले उंदीर घेतात, त्यांना निर्जंतुक पिंजऱ्यात ठेवतात आणि कलम रुजायला काही आठवडे देतात. २००४ साली अशा एका प्रयोगात सोरायसिसच्या रुग्णांची चट्टा नसलेली, दिसायला निरोगी त्वचा रुजवली गेली. बाहेरून काहीही न देता तिच्यावर सोरायसिस उमटला. रुग्णाच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतच आधीपासून बसलेल्या टी पेशी वाढल्या, आणि टीएनएफ रोखल्यावर ते थांबले. रक्तातून नव्या पेशी येण्याची गरजच नव्हती. या आजाराबद्दलची आपली समज ज्या थोड्या प्रयोगांनी खरोखर बदलली, त्यांत याची गणना करायला हवी.

ही वाट खर्चिक आणि हळू आहे. त्वचा देणारे रुग्ण हवेत, आणि प्रत्येकाची त्वचा वेगळी वागते. उंदरात माणसाच्या लसिका ग्रंथी नाहीत, म्हणून तिथे काम करणारे औषध या मॉडेलमध्ये निरुपयोगी भासू शकते.

या सगळ्यातून एखादे औषध निघाले का?

निघाले, आणि ती हकिगत जाणून घेण्यासारखी आहे. आयएल-१२ या प्रथिनाला रोखण्यासाठी एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार केले जात होते. २००० साली आयएल-२३ सापडले आणि लक्षात आले की या दोन्ही प्रथिनांचा एक तुकडा सामाईक आहे. प्रतिपिंड नेमके त्याच तुकड्याला धरते. मग खरा दोषी कोण? २००३ साली उंदरांच्या मेंदूतल्या दाहाचा अभ्यास करताना दिसले की दोष आयएल-१२ चा नव्हे, आयएल-२३ चा आहे. २००६ साली हाच प्रश्न त्वचेपर्यंत आणला गेला. उंदराच्या कानात, कातडीच्या आत, आयएल-२३ ची सूक्ष्म इंजेक्शने दिल्यावर कान सोरायसिससारखा जाड झाला. आयएल-१२ ने तसे घडले नाही.

ही पद्धत आजही वापरात आहे. साधारण ५०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम आयएल-२३ दिवसाआड, दोनेक आठवडे, आणि कानाची जाडी मायक्रोमीटरने मोजायची. सुई कातडीच्या आतच राहायला हवी. ती आरपार गेली किंवा कूर्चेत शिरली तर सूज येते ती टोचण्याची. म्हणून तुलनेच्या कानालाही तितक्याच वेळा नुसते द्रावण टोचतात.

ते मूळचे प्रतिपिंड म्हणजे उस्टेकिनुमॅब. २००९ साली अमेरिकेत सोरायसिससाठी त्याला मान्यता मिळाली. आयएल-१७ रोखणारे सेक्युकिनुमॅब २०१५ साली आले. आणि आयएल-१२ ला न छेडता फक्त आयएल-२३ रोखणारे गुसेलकुमॅब २०१७ साली. कोणता तुकडा नेमका धरायचा, हे ठरवण्यात उंदरांच्या त्या कानांचा वाटा आहे.

सांध्यांचे काय?

इथे अडचण वाढते, कारण एकाच प्राण्यात त्वचाही हवी, सांधेही हवेत आणि कंडरेची ती जागाही हवी. इमिक्विमोडचे मलम लावून सोरायटिक आर्थ्रायटिसचे बरेवाईट ठरवता येत नाही. कोंबडीचे किंवा गुराचे कोलॅजन टोचून घडवलेला संधिवात हा वेगळ्या आजाराचे, म्हणजे संधिवाताभाचे (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे), मॉडेल आहे.

मग उरतात ती मोजकी, पण प्रत्येक स्वतःचे काही सांगणारी मॉडेल. २००५ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या फक्त त्वचेच्या वरच्या थरातून जून-बी आणि सी-जून ही दोन जनुके बंद केली. दोन आठवड्यांच्या आसपास त्वचेवर सोरायसिससारखे चट्टे आले आणि सांधेही बिघडले. बिघाड केला त्वचेत, दुखले सांधे! पुढे कळले की सांध्यांच्या आजाराला टी आणि बी पेशी तसेच टीएनएफचा संदेश लागतो, त्वचेचे चट्टे मात्र त्यांच्याविनाही उमटतात. त्वचा आणि सांधे एकाच धाग्याने बांधलेले नाहीत, हे इथे स्पष्ट झाले. एकाच औषधाने एखाद्याची त्वचा निवळते आणि टाच दुखतच राहते, हा रुग्णांचा अनुभव त्यावरून समजू शकतो.

दुसरे मॉडेल यीस्टच्या भिंतीतल्या मॅनन या साखरेचे. विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या उंदरांच्या पोटात मॅननचे एकच इंजेक्शन दिले की काही दिवसांत पंजे सुजतात आणि त्यांवर पापुद्रे येतात. तिसरे एसकेजी नावाच्या उंदरांचे. त्यांना जिवाणूंपासून मिळणाऱ्या कर्डलान या पदार्थाचे इंजेक्शन दिले की सांधे, कंडरेच्या जागा, आतडे आणि डोळे असे सगळेच दाहाच्या तडाख्यात सापडतात. हे उंदीर ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त वातावरणात वाढवले आणि कर्डलान दिले नाही, तर बहुधा ठणठणीत राहतात.

जंतूंचा हा धागा आणखी ठळक झाला तो मोठ्या जातीच्या उंदरांत, म्हणजे ज्यांना रॅट म्हणतात त्यांच्यात. १९९० साली माणसाचे एचएलए-बी२७ हे जनुक रॅटमध्ये घातले गेले. त्यांना आतड्यांचा दाह, संधिवात, सोरायसिससारखे चट्टे आणि नखांचा बिघाड असे सगळे झाले. १९९४ साली याच रॅटना जन्मापासून पूर्ण जंतुविरहित ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या आतड्यांना आणि सांध्यांना आजार झालाच नाही. त्वचेचा दाह मात्र राहिला. आतड्यातले जंतू आणि सांधे यांच्या नात्यावर आज जी एवढी चर्चा चालते, तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

कंडरेच्या जागेवर ताण पडतो म्हणून तिथे आजार सुरू होतो का, हेही प्राण्यातच तपासता आले. टीएनएफ जास्त बनवणाऱ्या उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकणार नाहीत असे काही दिवस ठेवले, तर टाचेच्या कंडरेपाशी होणारा दाह लक्षणीयरीत्या रोखला गेला. हा प्रयोग बेल्जियममधला, २०१४ सालचा. त्यावरून रुग्णाने चालणे बंद करावे असा अर्थ मात्र काढू नये. व्यायामाचे फायदे माणसात वेगळे सिद्ध झालेले आहेत. या प्रयोगाने फक्त एवढे दाखवले, की ज्या शरीरात दाहाची तयारी आधीच आहे तिथे यांत्रिक ताण ही ठिणगी ठरू शकते.

सांध्यांचे मोजमाप हीसुद्धा नाजूक बाब आहे. पंजा सुजला म्हणजे सांधाच सुजला असे नाही; सूज त्वचेची असू शकते, कंडरेची असू शकते. म्हणून सूक्ष्म सीटी स्कॅनने हाडाची झीज आणि नवी वाढ दोन्ही पाहतात. मग हाडातला चुना रासायनिक द्रावणात दोन-तीन आठवडे विरघळवून पातळ काप घेतात. घाई करून चुना अर्धवट राहिला की काप घेताना हाड फाटते, आणि सर्वांत आधी तुटते ती कंडरा-हाडाची जोडच, म्हणजे जी पाहायची होती नेमकी तीच. पंजाच्या सुजेवरच थांबलेल्या शोधनिबंधाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

औषध कधी दिले?

बातमी वाचताना एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर तो हा विचारावा. बहुतेक प्रयोगांत औषध पहिल्या दिवसापासून, म्हणजे आजार घडवायला सुरुवात करतानाच देतात. ते सोपे असते आणि निकाल चांगला येतो. पण दवाखान्यात येणारा माणूस आजार घेऊनच आलेला असतो.

याची किंमत मोजावी लागली आहे. २०१२ साली उंदरांमध्ये दिसले की शरीरात आयएल-२३ वाढवले की कंडरेच्या जागी असलेल्या खास टी पेशी जाग्या होतात आणि तिथे दाह सुरू होतो. त्वचेवरची आयएल-२३ विरोधी औषधे यशस्वी ठरतच होती. मग हीच औषधे मणक्याच्या दाहावर, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसवरही चालतील अशी मोठी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. रुग्णांवरच्या चाचण्यांत ती अपयशी ठरली. २०१८ साली एचएलए-बी२७ रॅटवरच्या एका अभ्यासात या कोड्यावर थोडा उजेड पडला. आयएल-२३ चा मार्ग आजार सुरू होण्याआधी रोखला तर आजार टळला. आजार प्रस्थापित झाल्यावर रोखला तर काही उपयोग झाला नाही. म्हणजे ठिणगी टाकणारा आणि आग धुमसत ठेवणारा एकच असेल असे नाही. मॉडेल खोटे बोलले नव्हते. त्याला प्रश्न वेगळा विचारला होता आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचे म्हणून वाचले गेले. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये हात-पायांच्या सांध्यांवर मात्र आयएल-२३ विरोधी औषधे उपयोगी पडली. गुसेलकुमॅबला त्यासाठी २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

मग थेट माणसाच्या पेशींवरच का नाही?

प्राण्यांना त्रास देऊन हे करणे योग्य आहे का, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. रसेल आणि बर्च या दोघा ब्रिटिश अभ्यासकांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे आजही पायाभूत मानली जातात: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि वेदना कमी होईल अशी पद्धत वापरा. यातले शेवटचे दोन फक्त दयेचे प्रश्न नाहीत. खाज आणि वेदनेने हैराण झालेल्या प्राण्यात ताणाची संप्रेरके वाढतात आणि ती दाह दाबतात. म्हणजे क्रूर प्रयोग बहुधा चुकीचाही असतो. संख्या कमी करतानाही भान हवे. गटात तीनच उंदीर ठेवून काहीच सिद्ध न होणारा प्रयोग केला, तर ते तिन्ही जीव वाया गेले.

पर्यायांकडे जग वळते आहे. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत कायदा बदलला आणि माणसांवरच्या चाचण्यांआधी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे ही सक्ती गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने प्रतिपिंड-औषधांसाठीच्या प्राणी-चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याची योजना जाहीर केली. सोरायसिसच्या बाबतीत हे विशेष पटण्यासारखे आहे, कारण माणसासाठी घडवलेली प्रतिपिंडे पुष्कळदा उंदराच्या प्रथिनाला ओळखतच नाहीत. सेक्युकिनुमॅब उंदराच्या आयएल-१७ ला चिकटत नाही. त्यामुळे उंदरात दुसरेच, त्याच्यासाठी बनवलेले प्रतिपिंड वापरावे लागते आणि खऱ्या औषधाच्या सुरक्षिततेसाठी माकडांकडे जावे लागते.

त्वचेपुरते पर्याय बरेच पुढे गेले आहेत. माणसाच्या पेशींपासून ताटलीत त्वचेचा थर वाढवता येतो. त्यावर आयएल-१७ आणि टीएनएफ सोडले की तो सोरायसिसच्या वळणावर जातो, आणि अनेक औषधे पहिल्या फेरीत तिथेच बाद करता येतात. टी पेशीही त्यात मिसळता येतात. रुग्णाच्या चट्ट्यातल्या एकेका पेशीत कोणती जनुके चालू आहेत हे वाचता येऊ लागल्यापासून, पूर्वी उंदराला विचारावे लागणारे कितीतरी प्रश्न थेट रुग्णाच्या त्वचेच्या लहानशा तुकड्याला विचारले जातात.

सांध्यांसाठी मात्र अजून तसे काही हाती नाही. ताटलीतल्या पेशींना आतडे नसते, त्यात जंतू नसतात, टाचेवर शरीराचा भार पडत नाही आणि त्वचेत सुरू झालेला बिघाड काही वर्षांनी बोटाच्या सांध्यात का पोचतो हे दाखवायला तिथे त्वचेपासून सांध्यापर्यंतचा रस्ताच नसतो. रुग्णांच्या कंडरेच्या जागेतून तुकडा काढणेही सहज शक्य नसते, कारण तो काढला तर ती जागा दुबळी होते. म्हणून त्वचेच्या औषधांची पहिली चाळणी उंदराविना करता येईल असे दिवस जवळ दिसत असले, तरी त्वचेकडून सांध्यांकडे जाणाऱ्या त्या वाटेचा माग काढण्यासाठी जून-बी उंदीर, एसकेजी उंदीर आणि एचएलए-बी२७ रॅट यांच्याकडे आणखी काही काळ जावेच लागेल.